नाव गोपनीय, अनुभव अकरा वर्षं

"भित्री आहेत सगळी. खरं कुणालाच नकोय इथे."

तेजल दारातूनच बोलली. आत ये, बस, असं कुणी म्हणण्याची वाट तिने पाहिली नाही.

नाईकनवरे सर खिडकीपाशी बसून शर्टाचं बटण लावत होते. त्यांची सुई थांबली नाही.

"कोण?"

"कोण म्हणजे? सगळेच. चार दिवस माझ्याशी बोलत होते. काल दुपारी सादरीकरण झालं, आणि आज सकाळपासून एकानेही मान वर केलेली नाही. मी दिसले की बोलणं थांबतं. मी काय चोरी केली?"

सरांनी दोरा दाताने तोडला.

"सातवं पान आणलंस?"

तेजल चमकली. सादरीकरणाच्या बारा पानांतलं सातवंच का, हे तिला कळेना. तेच तर तिचं सगळ्यात आवडतं पान होतं.

तेजल वाघचौरे संगमनेरची. विद्यापीठात पहिली आलेली. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीने यंदा बावीस नवे पदवीधर घेतले, त्यांतली एक. तीन आठवडे त्या बावीस जणांना थंडगार सभागृहात बसवून शिकवलं होतं. कारखान्यात शिरताना कसं शिरायचं, मालकाशी बोलताना नजर कुठे ठेवायची, कुठलंही म्हणणं तीन मुद्द्यांत कसं बसवायचं. तेजल पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यात आधी हात वर करायची.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कारखान्यात नऊ दिवस एकट्याने पाठवत. त्याला कंपनीत 'मुक्काम' म्हणत. मुक्काम संपला की त्या कारखान्याने अभिप्राय पाठवायचा, आणि त्या अभिप्रायावर नोकरी पक्की व्हायची. संगमनेरला आईने पेढे आधीच वाटले होते.

तेजलच्या वाट्याला आला कोल्हापूरबाहेरचा, महामार्गाला लागून असलेला ओतकामाचा कारखाना. आणि नाईकनवरे सर.

कंपनी सुरू करणाऱ्या चौघांपैकी हे एक. बाकीचे तिघे पुण्यात काचेच्या खोल्यांत बसत. हे मात्र आठ वर्षांपूर्वी या कारखान्यात एका कामाला आले, आणि अतिथिगृहाच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहूनच गेले. का, ते कुणी सांगत नसे. पुण्याची मुलं त्यांना 'बुवा' म्हणत. बुवांकडून परत आलेला मुलगा जेवताना बोलत नाही, अशी थट्टा चालायची. तेजलही हसली होती त्या थट्टेला.

तिने पिशवीतून पान काढून दिलं.

पानावर मधोमध, मोठ्या अक्षरांत एक वाक्य होतं.

'गाभे पुरते वाळायच्या आत ओव्हनमधून बाहेर काढायला लावतात, कारण संध्याकाळची गाडी भरायची असते.'

लोखंड ओतताना मधे पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, ठेवतात. गाभा ओला राहिला की त्यातली वाफ लोखंडात शिरते, आत भोकं पडतात आणि माल भंगारात जातो. कारखान्याचा माल वर्षभर भंगारात जात होता आणि का जातो ते कुणी बोलत नव्हतं. तेजलने ते चार दिवसांत शोधलं होतं. एका वाक्यात.

सरांनी वाक्य वाचलं नाही. त्यांचं बोट वाक्याखालच्या बारीक ओळीवर थांबलं.

'महिला कर्मचारी, कोअर विभाग, अनुभव अकरा वर्षं. नाव गोपनीय.'

"नाव दिलेलं नाही मी," तेजल लगेच म्हणाली. "नियम आहे तो. बोलणाऱ्याचं नाव कधीही द्यायचं नाही. फक्त विभाग आणि अनुभव द्यायचा, म्हणजे म्हणण्याला वजन येतं. प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं."

"बरं."

"चुकलं का काही?"

सरांनी शर्ट अंगात घातला. लावलेलं बटण एकदा ओढून पाहिलं.

"चल, फाटकापर्यंत जाऊन येऊ."

फाटकावर शिंगटे नावाचा रखवालदार होता. आल्यागेल्याची हेल्मेटं मोजून ठेवणं हे त्याचं काम. तो ती पुसत बसला होता.

"शिंगटे, एक माणूस शोधतोय."

"कोन सर?"

"बाई आहे. कोअर विभागात. अकरा वर्षं झालीत."

शिंगटेने हातातल्या हेल्मेटवर फुंकर मारली. वर पाहिलंसुद्धा नाही.

"शालनताई व्हय? आत हाय की. निरोप द्यायचा?"

"नको."

सर वळले आणि आल्या वाटेने चालू लागले. तेजल जागीच उभी राहिली.

कोअर विभागात बाया आठ. त्यांतल्या सात जणी दोनतीन वर्षांतल्या. वाळू, धूर, दिवसभर उभं राहणं, एवढ्यात कोण टिकतं. अकरा वर्षं एकच टिकली होती. तेजलने हा आकडा स्वतः तिला विचारून घेतला होता. मोठ्या कौतुकाने विचारला होता... आणि ती बाई लाजून हसली होती.

बावीस मुलांना तीन आठवडे शिकवलेल्या त्या नियमात एवढं एकच नव्हतं, की एखाद्या ठिकाणी टिकून राहिलेली बाई एकटीच असू शकते.

तेजल धावत सरांना गाठायला गेली.

"काय झालं तिला? काढलं का?"

"काढलं असतं तर सोपं होतं." सर चालतच होते. "काल संध्याकाळी माने साहेबांनी कोअर विभागाची चारची चहाची सुट्टी बंद केली. म्हणाले, गाभे वाळत नाहीत ना, मग चहा कशाला."

माने साहेब म्हणजे उत्पादनाचे प्रमुख. गाभे लवकर काढा, असा हुकूम त्यांचाच असायचा.

"पण हे उलटंच झालं. चूक त्यांची, आणि—"

"आठ जणींचा चहा गेला. सात जणींना माहीत आहे कुणामुळे."

जेवणाची घंटा झाली होती.

जेवणाच्या शेडमध्ये पत्र्याखाली बाकांच्या रांगा होत्या. बाया नेहमी खांबाजवळच्या लांब बाकावर दाटीने बसत. एकमेकींच्या डब्यांत हात जात, कुणाची चटणी कुणाच्या भाकरीवर जाई. आज त्या बाकावर सात जणी होत्या. शालन चौगुले दोन बाक सोडून बसली होती. चाळिशीची, रोडकी. केसांत वाळू. डबा उघडा होता आणि ती हाताने झाकण दाबून सरळ करत होती. झाकण सरळच होतं.

तेजलने पाऊल उचललं.

"मी आत्ता जाते. सगळ्यांसमोर माफी मागते."

"सगळ्यांसमोर?"

"हो. माझी चूक आहे, तिची नाही, हे सगळ्यांना कळायला हवं."

"ज्यांना अजून कळलेलं नाही, त्यांनाही कळेल."

 गप्प राहणं तेजलच्या स्वभावात नव्हतं.

"मग ते पान काढून टाकते."

"मालकांनी पाहिलं. मान्यांनी पाहिलं." सरांनी ताट घेतलं. "आता कुठून काढणार?"

"मग काय करू, सांगा ना."

सरांनी सातवं पान तिच्यासमोर धरलं. मग उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"तुझं नाव कुठाय?"

"पहिल्या पानावर आहे. मोठ्या अक्षरात."

"तिथे झळ लागत नाही."

पान त्यांनी तिच्या हातात दिलं, कोरी बाजू वर ठेवून. आणि ते शेडच्या टोकाच्या बाकावर गेले. वरचा पंखा बंद पडलेला, शेजारी हात धुवायचा नळ. त्या बाकावर ते एकटेच जेवत. पहिल्या दिवशी तेजलने ते पाहिलं होतं आणि म्हाताऱ्याची कीव केली होती.

सांगितलं नव्हतं तरी तेजल ताट घेऊन शालनपाशी गेलीच.

"शालनताई, मला..."

शालनने मान वर केली नाही. ओठ जेमतेम हलले.

"लांब बसा, ताई."

"मला फक्त एवढंच सांगायचंय की—"

"तुम्ही जवळ बसलासा की म्हनत्यात, आज आनि काय सांगितलं." तिचा आवाज चिडलेला नव्हता. दमलेला होता. "पाया पडतो तुमच्या. लांब बसा."

तेजल लांब बसली. आमटी गार झाली. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. जेवलीस का, कुणाबरोबर जेवलीस.

"सगळ्यांबरोबर," तेजल म्हणाली.

सहाव्या दिवशी सकाळी ती कोअर विभागात जाऊन ओव्हनच्या दाराशेजारी उभी राहिली. ना लॅपटॉप, ना छापील प्रश्न. मनगटावर घड्याळ आणि हातात शाळेची दुरेघी वही.

ओव्हनच्या दारावर पत्र्याची पाटी होती. 'गाभे दीड तास.' पाटीवरचा रंग उडाला होता. ती कुणी वाचत नव्हतं.

तिने कुणाला काही विचारलं नाही. तीन आठवडे तिला प्रश्न विचारायलाच शिकवलं होतं. न विचारता उभं कसं राहायचं, हे तिला येत नव्हतं. तासाभरात पाय भरून आले. दुपारी घशात वाळू गेली. बाया गाभ्यांच्या फळ्या आत ठेवत, बाहेर काढत, आणि तिच्या बाजूने अशा जात की जणू तिथे खांब आहे. शालनही तशीच गेली.

तेजल वेळ लिहीत होती. आत किती वाजता, बाहेर किती वाजता.

साडेतीनला माने साहेब स्वतः आले.

"काढा काढा. गाडी लागलीय."

कुणीतरी पाटीकडे पाहिलं.  गाभे बाहेर आले. तेजलने घड्याळ पाहिलं. बावन्न मिनिटं.

सातव्या दिवशी अठ्ठेचाळीस.

आठव्या दिवशी माने साहेबांचं लक्ष तिच्याकडे गेलं. तसे ते कामात वाईट नव्हते, आणि बोलायला तर गोडच होते.

"काय मॅडम, घड्याळ दुरुस्तीचं दुकान काढताय काय?"

दोघंतिघं हसले.

"वेळ बघतेय, साहेब."

"बघा की. पुण्याला अभिप्राय माझ्याच हातानं जायचाय. त्यात लिहितो, पोरगी वेळेची पक्की आहे."

हसत हसतच ते गेले. गाभे बाहेर आले होते. पंचेचाळीस मिनिटं.

संध्याकाळी तेजल सरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. पहिल्यांदाच ती न बोलता बसली होती.

सर पेरू कापत होते.

पेरूच्या चार फोडी झाल्या तेव्हा ती म्हणाली, "उद्या त्या पानावर माझं नाव घातलं, तर नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

"आणि नाही घातलं तर?"

सरांनी पेरूची एक फोड तिच्याकडे सरकवली.

"तुम्ही एवढंच म्हणणार?" तिचा आवाज चढला. "आई-बाबांना मी काय सांगू? बाकीचे एकवीस जण पक्के होतील. मीच का? नियम मी केला नव्हता. मला शिकवला होता."

सरांनी पेरूची आणखी एक फोड कापली.

"तुम्ही घातलं होतं का कधी? तुमचं नाव?"

सरांनी चाकू पुसला. खोलीकडे एकदा पाहिलं. एक खाट, एक खुर्ची. खिडकीबाहेर वाळूचा ढीग, त्यावर संध्याकाळचं उरलेलं ऊन. आठ वर्षं.

"मीठ आणायचं राहिलं," ते म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी तेजल मालकांच्या खोलीत उभी राहिली. मगदूम शेठ मधे, उजवीकडे माने साहेब, भोवती बाकी विभागांचे चौघे. बारा पानांची आता तीनच उरली होती.

दुसऱ्या पानावर तीन दिवस होते, आणि त्यांच्यापुढे तीन आकडे. बावन्न. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. शेजारी 'पाटीप्रमाणे नव्वद'. प्रत्येक दिवसापुढे एक ओळ: 'माने साहेबांनी सांगितल्यावर काढले.' आणि खाली, पूर्वी जिथे बारीक अक्षरात विभाग आणि अनुभव असे, तिथे:

'शेजारी उभं राहून मी पाहिलं. तेजल वाघचौरे.'



मगदूम शेठनी चष्मा वर केला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, हे तेजलला दिसत होतं.

"शेठ, मागच्या वेळी मी ऐकलेलं लिहिलं होतं. ते मी खोडलंय. हे ऐकलेलं नाही. घड्याळ माझं आहे."

"त्या बायकाच घाई करतात," माने म्हणाले. "चहासाठी."

"साहेब, चहा बंद झाल्यावरचे आकडे आहेत हे."

माने साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "शिकायला आलेल्या पोरीनं आता मला ओव्हन शिकवायचा का, शेठ? पुण्याहून हेच शिकून येतात काय?"

शेठ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिले. खिशातून पेन काढून त्यांनी एका आकड्याभोवती गोल केला आणि कागद घडी करून ठेवला.

"बसा," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

बारा वाजता पुण्याहून फोन आला. आवाज सौजन्याने भरलेला होता. ग्राहक नाराज आहे. तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती. अहवालात माणसाकडे बोट दाखवायचं नसतं, हे आपण शिकवलं होतं ना? पक्कं करणं पुढे ढकललंय. अजून तीन महिने. सोलापूरला एक गिरणी आहे, उद्या तिथे जा. नंतर बघू.

"बरं," तेजल म्हणाली. आईला फोन करायला तिने नाव शोधलं, आणि मोबाइल परत खिशात ठेवला.

घंटा झाली.

शेडमध्ये ती ताट घेऊन उभी राहिली, आणि तिला दिसलं. खांबाजवळच्या लांब बाकावर आठ जणी होत्या. एकीने न विचारता शालनच्या डब्यातली चटणी उचलली. दुसरी काहीतरी म्हणाली, आणि शालन तोंडावर हात धरून हसली. आज सकाळी शेठच्या खोलीत कोण कुणाला काय म्हणालं, ते शेडपर्यंत पोचलं होतं. माने साहेब चिडले होते ते पुण्याच्या पोरीवर. शालनवर नाही.

तेजल थोडा वेळ बघत राहिली. शालनने एकदा तरी इकडे पाहावं... नुसतं पाहावं.

शालन भाकरी मोडत होती. तिने पाहिलं नाही.

तेजल मधल्या एका बाकाकडे वळली. तिथल्या माणसाने रिकाम्या जागेवर आपलं हेल्मेट ठेवलं.

"इथं येनार हाय एकजन."

पुढच्या बाकावरचे आधीच पसरून बसले होते. कुणी वाईट बोललं नाही.  ती चालत गेली तसतशी तिच्या आजूबाजूची बोलणी बंद होत गेली, आणि ती पुढे गेल्यावर परत सुरू झाली.

शेडच्या टोकाशी बंद पंख्याखाली सर जेवत होते. त्यांनी आपलं ताट वीतभर सरकवलं.

तेजल बसली. नळातून थेंब पडत होता. या बाकावरून सगळी शेड दिसत होती. आणि खांबाजवळच्या त्या आठ जणी.

"सर, मी बरोबर केलं ना?"

सरांनी भाताचा घास घेतला. सावकाश चावला.

"आमटी गरम आहे आज," ते म्हणाले.

हौसाबाई वाढायला आली. शेडमधलं जेवण गेली वीस वर्षं तीच रांधत होती. तिने तेजलच्या ताटाकडे पाहिलं, मग सरांच्या.

"सर, उद्याधरनं या बाकावर दोन ताटं आनू का?"

"नको. ती उद्या सोलापूरला चाललीय. गिरणीत."

"एकटीच?"

सरांनी ताटातला भात गोळा केला.

हौसाबाईने पळी भरून आमटी तेजलच्या भातावर ओतली. मग जरा थांबून अजून अर्धी पळी.

"असंल की," ती म्हणाली, "तितं बी असला एक बाक."